अठ्ठावन्न टक्क्यांची जागा

प्रवेशाच्या दिवसांत ठाण्यातील आमच्या महाविद्यालयाच्या तळमजल्यावर जी खिडकी उघडते, तिच्या आतल्या बाजूला मी गेली 19 वर्षे बसत आले आहे. मी वाणिज्य शाखेला लेखाशास्त्र शिकवते आणि जून आला की शिकवणे बाजूला ठेवून अर्ज तपासते. दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये, पहिली गुणवत्ता यादी लागली त्या दिवशी, एक गृहस्थ खिडकीशी आले. त्यांच्या मुलाला बारावीला 81 टक्के होते आणि आमची खुल्या गटाची यादी त्याच्या थोडी वर थांबली होती. शेजारीच खेळाडूंची यादी लावलेली होती आणि तिच्यात एका मुलीच्या नावापुढे 58 टक्के असे छापलेले होते. ते गृहस्थ आवाज चढवून बोलले नाहीत, त्यामुळे त्यांचे बोलणे मला जास्त लागले. ते म्हणाले, "मॅडम, माझ्या मुलाने दोन वर्षं मैदानाकडे बघितलंसुद्धा नाही. ते चुकलं का त्याचं?"

मी त्यांना नियम समजावून सांगितला. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी दिले नाही, कारण तेव्हा ते माझ्याकडे नव्हते. त्यानंतर त्या 58 टक्क्यांच्या मुलीला मी दोन वर्षे शिकवले, या विषयावर मिळेल ते वाचले, आणि आता जे उत्तर हाती आले आहे ते येथे लिहीत आहे.

आपल्याकडे खेळाडू विद्यार्थ्याला मिळणारी सवलत एकाच ठिकाणी मिळत नाही. दहावी-बारावीच्या परीक्षेत राज्य मंडळ क्रीडा सवलतीचे जास्तीत जास्त 25 वाढीव गुण देते. त्यासाठी शाळेने प्रस्ताव तयार करून तो जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत मंडळाकडे पाठवावा लागतो, आणि स्पर्धेचा स्तर जितका वरचा तितके गुण अधिक. पुढे महाविद्यालयात खेळाडूंसाठी ठेवलेल्या जागा असतात, आणि त्याही पुढे शासकीय नोकरीत 5 टक्के समांतर आरक्षण असते. म्हणजे पंधराव्या वर्षी मैदानावर उतरलेल्या मुलाला शासन वेळोवेळी सांगत असते की तू खेळ, आम्ही तुझे नुकसान होऊ देणार नाही. हे आश्वासन मला मनापासून योग्य वाटते. ते पाळले जाते का, हा माझा प्रश्न आहे.

त्या मुलीची पहिली ओळख मला तिच्या फाइलमुळे झाली. निळ्या प्लास्टिकची फाइल, आत तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा क्रमाने लावलेली खो-खोची प्रमाणपत्रे, आणि प्रत्येकाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले दोन शब्द: स्पर्धेचे गाव आणि त्या महिन्यात शाळेत कोणती परीक्षा होती ते. हे तिच्या आईने लिहिले होते. बारावीच्या राज्यस्तरीय प्रमाणपत्रामागे "सराव परीक्षा" असे लिहिलेले होते. ज्या आठवड्यात तिच्या वर्गातील मुले सराव परीक्षेचे पेपर सोडवत होती, त्या आठवड्यात ती दुसऱ्या जिल्ह्यातील एका शाळेच्या वर्गखोलीत जमिनीवर सतरंजी टाकून झोपत होती आणि सकाळी सामने खेळत होती.

ज्यांनी खो-खो फक्त शाळेच्या मैदानावर दुरून पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडे सांगते. मोठ्या गटात 9 मिनिटांचा एक डाव असतो. आठ जणी पाटीवर आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेल्या असतात, नववी पाठलाग करते, आणि संरक्षण करणाऱ्या मुली तिघी-तिघींच्या तुकडीने मैदानात येतात. त्या नऊ मिनिटांतील तीन मिनिटे एकटीने टिकून राहणे ही मोठी गोष्ट मानली जाते. मी तिचा सामना पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती खांबाजवळ हुलकावणी देत साडेतीन मिनिटे टिकली. दर दोन-तीन सेकंदांना समोरच्या बसलेल्या मुलीचे खांदे कोणीकडे वळतात ते पाहायचे, खो कोणाला मिळेल याचा अंदाज बांधायचा, आणि तो चुकला तर त्याच क्षणी दुसरा बांधायचा. सामन्यानंतर तिच्या गुडघ्यावरची जुनी खपली निघून रक्त येत होते आणि ती प्रशिक्षकांना कोणत्या मिनिटाला कोणत्या खेळाडूने कोणती चूक केली हे क्रमाने सांगत होती. एवढी स्मरणशक्ती आणि एवढी एकाग्रता असलेल्या मुलीला 58 टक्के मिळाले असतील, तर त्या आकड्यातून तिच्या बुद्धीपेक्षा तिच्या वेळापत्रकाची माहिती अधिक मिळते, असे मला त्या दिवशी वाटले आणि आजही वाटते.

त्यामुळे त्या गृहस्थांच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर असे की त्यांच्या मुलाचे काहीही चुकले नाही, आणि या मुलीचेही नाही. दोघांनी सारख्याच तासांचे कष्ट केले. गुणपत्रिकेत एकाचेच मोजले गेले. प्रवेशाच्या वेळी दुसऱ्याचे मोजण्यासाठी वेगळी फूटपट्टी लावणे हा अन्याय नाही.

पण येथे थांबले तर मी अर्धे खरे सांगितल्यासारखे होईल, कारण प्रवेश मिळाल्यानंतर काय झाले ते मी पाहिले आहे आणि त्यात माझाही वाटा आहे.

ही मुलगी कोपरखैरण्याला राहते. पहाटे पाचच्या सुमारास उठून ट्रान्स-हार्बरच्या गाडीने ठाण्याला यायचे, सव्वासहा ते आठ सराव, मग वर्ग, आणि संध्याकाळी पुन्हा दीड तास सराव. ऑगस्टपासून आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सुरू झाल्या आणि तिची वर्गातील जागा रिकामी दिसू लागली. आमच्याकडे 75 टक्के हजेरीचा नियम आहे. जिमखान्याच्या सरांचे पत्र आले की खेळाडूचे नाव डिफॉल्टर यादीतून काढले जाते, तसे तिचेही काढले गेले. मी हजेरीपटावर तिच्या नावापुढे सवलतीची खूण केली आणि पुढचे नाव घेतले. त्या सत्रात मी घसारा, म्हणजे वापरामुळे वस्तूची दरवर्षी घटणारी किंमत, शिकवला, अंतिम लेखे शिकवले, आणि ती त्यातील एकाही तासाला नव्हती. ती तास बुडवून तलावपाळीवर बसलेली नव्हती. आमच्याच महाविद्यालयाच्या नावाचा बनियन घालून खेळत होती. तरीही मी एकदाही विचारले नाही की हिला हा भाग कोण शिकवणार. पहिल्या सत्रात तिला दोन विषयांत केटी लागली, म्हणजे ते विषय राहिले आणि त्यांची परीक्षा पुन्हा द्यायची होती. त्यातील एक विषय माझा होता.

त्याच वर्षी कबड्डीच्या जागेवर आलेला एक मुलगा होता, उंच, अबोल, कळव्याचा. डिसेंबरमध्ये एका सामन्यात चढाई करताना त्याचा गुडघा मुरगळला आणि लिगामेंट फाटले. शस्त्रक्रिया झाली. खेळ सुटला तसे त्याला महाविद्यालयात येण्याचे कारणच उरले नाही, कारण त्याला येथे आणणाऱ्या कोणीही तो वर्गात बसतो की नाही याची चौकशी केलेली नव्हती. फेब्रुवारीत त्याने येणे बंद केले. त्याने जिंकून आणलेला करंडक आजही कार्यालयाबाहेरच्या काचेच्या कपाटात आहे आणि प्राचार्यांना भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा तो पाहतो. हे लिहिताना मला त्रास होतो. ते कपाट आमच्या महाविद्यालयाचे आहे तसे इतर अनेकांचेही असेल, पण मी फक्त आमच्याविषयी बोलू शकते.

या विषयावर सर्वाधिक वाद अमेरिकेत झाले आहेत, कारण महाविद्यालयीन खेळ हा तिथे प्रचंड पैशाचा व्यवहार आहे. तिथल्या आंतरमहाविद्यालयीन खेळांची सर्वात मोठी संघटना, एनसीएए, 1906 मध्ये स्थापन झाली. खेळाडू विद्यार्थ्यांसाठी किमान शैक्षणिक पात्रता किती असावी यावर ती संघटना अनेक दशके भांडत आली आहे. 1983 मध्ये तिने एक नियम मंजूर केला आणि तो 1986 पासून लागू झाला: शाळेतील 11 मुख्य विषयांत ठरावीक सरासरी आणि सॅट या महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या परीक्षेत किमान 700 गुण नसतील, तर पहिल्या वर्षी खेळता येणार नाही. 1989 मध्ये तो आणखी कडक करून अशा मुलांची शिष्यवृत्तीही बंद करण्याचे ठरले, तेव्हा जॉर्जटाउन विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन थॉम्प्सन सामना सुरू होण्यापूर्वीच निषेध म्हणून मैदान सोडून गेले. त्यांचे म्हणणे असे होते की या नियमाने गरीब, त्यातही कृष्णवर्णीय मुलांचे शिक्षणाचे दार बंद होईल. पुढे तो नियम सौम्य करावा लागला. मला थॉम्प्सन यांची बाजू पटते. दाराशी पट्टी उंच केली की वाईट शाळांतून आलेली मुले बाहेर राहतात आणि ज्या शाळांनी त्यांना नीट शिकवले नाही त्यांना कोणीच काही विचारत नाही.

पण दार सताड उघडे ठेवून आत काहीच न शिकवण्याचे उदाहरणही तिथेच आहे, आणि ते वाचताना मला आमचा हजेरीपट आठवला. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल येथील शाखेत 1993 ते 2011 अशी 18 वर्षे असे अभ्यासक्रम चालले, ज्यांचे वर्ग कधी भरतच नव्हते. एक निबंध लिहून द्यायचा. तो प्राध्यापक नव्हे तर कार्यालयातील एक कर्मचारी तपासणार आणि भरघोस श्रेणी देणार. 2014 च्या चौकशी अहवालानुसार सुमारे 3,100 विद्यार्थ्यांनी असे अभ्यासक्रम घेतले आणि त्यातील जवळपास निम्मे खेळाडू होते. 2017 मध्ये एनसीएएने निर्णय दिला की हे अभ्यासक्रम सर्व विद्यार्थ्यांना खुले होते, त्यामुळे संघटनेच्या नियमांचा भंग सिद्ध होत नाही. त्या मुलांच्या हातात पदवी होती आणि तिच्या आत शिकणे नव्हते. आम्ही खोटे वर्ग चालवले नाहीत, हे खरे. पण खेळाडूला हजेरी द्यायची आणि शिकवायचे नाही, यात आणि त्यात मला फार अंतर दिसत नाही.

अमेरिकेकडून घेण्यासारखी एक गोष्टही मला सापडली आणि तिच्याविषयी मी आमच्या शिक्षककक्षात इतक्या वेळा बोलले आहे की सहकारी माझे पुढचे वाक्य ओळखतात. एनसीएए आपल्या वरच्या श्रेणीतील प्रत्येक संघाची शैक्षणिक प्रगती मोजते. शिष्यवृत्तीवर खेळणारा प्रत्येक खेळाडू प्रत्येक सत्रात अभ्यासात पात्र राहिला तर संघाला एक गुण, महाविद्यालयात टिकून राहिला तर आणखी एक गुण, असा हिशेब करून संघाची सरासरी 1000 पैकी काढतात. ती 930 च्या खाली गेली तर संघाला मोसमाअखेरच्या मुख्य स्पर्धेत खेळू देत नाहीत. 2013 मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाचा पुरुषांचा बास्केटबॉल संघ याच कारणाने राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर राहिला. हा लहानसहान संघ नव्हता. पुढच्याच वर्षी, 2014 मध्ये, त्याने राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. यातील मर्म असे की मुलगा अभ्यासात मागे पडला तर त्याचा जाब संघाला आणि पर्यायाने महाविद्यालयाला द्यावा लागतो. आपल्याकडे केटी लागते ती मुलीला. महाविद्यालयाला कधीच काही लागत नाही.

सवलतीचा फायदा कोण घेतो, हाही प्रश्न आहेच. हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रवेशपद्धतीविरुद्ध जो खटला चालला आणि ज्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2023 मध्ये दिला, त्यात तिथली आकडेवारी उघड झाली. प्रशिक्षकांनी निवडलेल्या खेळाडूंपैकी सुमारे 86 टक्के अर्जदारांना प्रवेश मिळत होता, तर एकूण अर्जदारांमध्ये हे प्रमाण 6 टक्क्यांच्या आसपास होते. ज्या शैक्षणिक दर्जाच्या इतर अर्जदारांपैकी हजारात एकालाही प्रवेश मिळत नव्हता, त्याच दर्जाच्या खेळाडूंपैकी सुमारे 70 टक्क्यांना मिळत होता. आणि हे खेळ कोणते, तर त्यांत नौकावल्हवणे, शिडाच्या होड्या, तलवारबाजी, स्क्वॉश असे कितीतरी, ज्यांचा खर्च सामान्य घराला झेपत नाही. घोडबंदर रोडवरच्या आणि पाम बीच रोडवरच्या मोठ्या संकुलांत राहणारे काही पालक आता परदेशी प्रवेश डोळ्यांसमोर ठेवून मुलांना स्क्वॉश शिकवतात, हे मला माझ्याच विद्यार्थ्यांकडून कळते. त्या मुलांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. पण खो-खोच्या मुलीसाठी ज्या कारणाने आपण दार उघडतो ते कारण तिथे लागू होत नाही.

जिथे सवलत असते तिथे खोटेपणाही शिरतो. मार्च 2019 मध्ये अमेरिकेत जे प्रकरण बाहेर आले त्यात रिक सिंगर नावाचा सल्लागार श्रीमंत पालकांकडून पैसे घेऊन, प्रशिक्षकांना लाच देऊन, कधीही न खेळलेल्या मुलांना खेळाडू म्हणून नामांकित विद्यापीठांत घुसवत होता. काही मुलांचे चेहरे दुसऱ्या खेळाडूंच्या छायाचित्रांवर चिकटवले गेले होते. आपल्याकडे ट्रॅम्पोलिन आणि टंबलिंगच्या बोगस प्रमाणपत्रांवर शासकीय नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे उघडकीस आली. अशा प्रत्येक प्रकरणानंतर खऱ्या खेळाडूची फाइल अधिक संशयाने उघडली जाते. मीही त्या निळ्या फाइलमधील राज्यस्तरीय प्रमाणपत्र उजेडासमोर धरून पाहिले होते, आणि ती मुलगी खिडकीबाहेर उभी राहून ते पाहत होती.

त्या गृहस्थांच्या प्रश्नाचा दुसरा भाग त्यांनी बोलून दाखवला नव्हता, पण तो होता: ही जागा माझ्या मुलाची होती का? याला देशातच चांगली उत्तरे शोधली गेली आहेत. दिल्ली विद्यापीठ खेळाडूंना अधिसंख्य जागांवर, म्हणजे मूळ प्रवेशक्षमतेच्या वर वाढवलेल्या जागांवर, घेते आणि तिथे मैदानावरील चाचणी आणि प्रमाणपत्रे यांना प्रवेश परीक्षेपेक्षा जास्त वजन आहे. आयआयटी मद्रासने 2024-25 पासून प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी 2 अधिसंख्य जागा ठेवल्या आणि त्यातील एक मुलींसाठी राखली. तिथे जेईई अॅडव्हान्स्डमधून सूट नाही. ती परीक्षा उत्तीर्ण होऊन यादीत यावेच लागते. मात्र त्यानंतरचा क्रम खेळातील कामगिरीवर लागतो. किमान पात्रता कायम ठेवायची आणि तिच्या वरचा क्रम बदलायचा, ही पद्धत मला सर्वांत न्याय्य वाटते. आमच्यासारख्या साध्या महाविद्यालयात ती किमान पात्रता बारावी उत्तीर्ण एवढीच असावी, आणि खेळाडूंच्या जागा मूळ जागांतून न कापता वर वाढवाव्यात. मग 81 टक्क्यांच्या मुलाच्या वडिलांना शेजारची यादी पाहून जीव जाळावा लागणार नाही.

मात्र जागा वाढवणे सोपे आहे. त्या जागेवर बसलेल्या मुलीला शिकवण्यासाठी कोणाला तरी रोज थांबावे लागते.

दुसऱ्या सत्रात मी तिला शिक्षककक्षात बोलावले. ती घाबरत आली. तिला वाटले, पुन्हा हजेरीचा विषय निघणार. मी तिला घसाऱ्याचे पान उघडायला सांगितले तर तिच्या वहीत ते पानच नव्हते. मग मी तिच्या पायांतल्या बुटांकडे बोट दाखवून विचारले, "हे केवढ्याला घेतलेस?" "चौदाशे, मॅडम." "किती दिवस टिकतात?" ती म्हणाली, "मॅटवर दोन सीझन जातात. मातीवर एकच." मी म्हटले, "मग एका सीझनला किती रुपयांचे बूट झिजले?" तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि उत्तर दिले, सातशे. तिथून सरळ रेषा पद्धत समजायला तिला दहा मिनिटे पुरली. दोन सीझननंतर लहान भाऊ तेच बूट वापरतो, मग त्याची काही किंमत धरायची का, हे तिने स्वतः विचारले आणि अवशिष्ट मूल्य मला वेगळे शिकवावे लागले नाही. जानेवारी ते मार्च आठवड्यातून दोन दिवस, संध्याकाळच्या सरावाआधी अर्धा-पाऊण तास, एवढेच आम्ही केले. दोन्ही केटी पुढच्या परीक्षेत सुटल्या.

19 जानेवारी 2025 रोजी दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचे अंतिम सामने झाले, भारताचे महिला आणि पुरुष असे दोन्ही संघ नेपाळविरुद्ध जिंकले, आणि महिला संघाची कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती. दुसऱ्या दिवशी वर्गातील ज्या मुलांनी खो-खोकडे कधी वळून पाहिले नव्हते, ती या मुलीभोवती जमून डाव कसा चालतो ते विचारत होती. ती फळ्यावर पाटी आणि खांब काढून दाखवत होती. मी तास पाच मिनिटे उशिरा सुरू केला.

आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. यंदाच्या जूनमध्ये प्रवेश समितीच्या बैठकीत मी दोन मागण्या लेखी दिल्या. खेळाडूंच्या जागांवर दरवर्षी किती जण आले आणि त्यांतील किती जण सर्व विषयांत उत्तीर्ण झाले, याचा तक्ता करंडकांच्या कपाटातच, करंडकांच्या शेजारी लावावा. आणि जिमखान्याने हजेरीच्या सवलतीचे पत्र देताना त्याच पत्रावर बुडालेले तास कोण आणि कधी भरून देणार, हे लिहावे. ते लिहिलेले नसेल तर पत्र ग्राह्य धरू नये. तक्त्याचा निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आहे. दुसऱ्या मागणीला जिमखान्याच्या सरांनीच सर्वांच्या आधी हात वर केला. कळव्याचा तो मुलगा त्यांच्याच संघातला होता.

वाणिज्य विभागातून आम्ही तिघे जण तयार आहोत. प्रथम वर्षाच्या खेळाडूंचा पहिला तास येत्या सोमवारी, संध्याकाळचा सराव संपल्यावर पावणेसात वाजता, 14 क्रमांकाच्या खोलीत आहे. कपडे बदलण्यासाठी घरी जाऊ नका, मैदानावरून थेट या, चिखलाचे बूट दाराबाहेर काढून ठेवा, असे मी सूचनाफलकावर लिहिले आहे.